197 मार्कांचं बायोडेटात काय करायचं?

सप्टेंबर 2021 मध्ये सीए फायनलच्या पहिल्या ग्रुपचा निकाल लागला. एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) 42, एसएफएम (स्ट्रॅटेजिक फायनान्शियल मॅनेजमेंट) 61, ऑडिट 44, लॉ 50. चारही पेपरांत चाळीसच्या वर, बेरीज 197. ग्रुप निघायला 200 लागतात. दुसरा ग्रुप नोव्हेंबर 2019 च्या अटेम्प्टलाच निघाला होता, म्हणजे अडलं ते तीन मार्कांवर. एसएफएमचं एक्झम्प्शन, म्हणजे तो पेपर पुन्हा न देण्याची सवलत, पुढचे तीन अटेम्प्ट हातात होतं, तरी त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, "आता बास. नोकरी बघते."

आई काही बोलली नाही. मावशीचा मात्र फोन आला. "अगं, पण बायोडेटात आपण सीए छापलंय ना!" तो लग्नाचा बायोडेटा. त्यात 'शिक्षण : बी.कॉम., सीए (फायनल)' असं होतं आणि कंसाचा अर्थ ज्याने त्याने सोयीने लावायचा होता. नोकरीच्या अर्जात असा कंस चालत नाही, हे कळेपर्यंत माझे दोन सीव्ही वाया गेले.

पहिल्यात लाजेपोटी सीएचं नावच नव्हतं. बी.कॉम. 2016, मग फोर्टातल्या एका फर्ममध्ये तीन वर्षं 'अकाउंट्स असिस्टंट' (होती आर्टिकलशिपच, म्हणजे सीएसाठी करावी लागणारी फर्ममधली उमेदवारी), आणि फेब्रुवारी 2019 पासून पुढे कोरं. जो फोन यायचा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "ही अडीच वर्षं काय केलंत?" मग सगळं सांगावं लागायचंच, तेही चोरी पकडल्यासारखं. मे 2020 ची परीक्षा रद्द होऊन नोव्हेंबरवर गेली, मे 2021 ची जुलैत झाली, ही कारणं खरी होती. पण फोनवर सांगताना ती बहाण्यांसारखी वाटत, मलाच.

दुसऱ्या सीव्हीत मैत्रिणीच्या सल्ल्याने 'सीए फायनल, पर्स्युइंग' टाकलं. फोन वाढले. दोन डोस झालेल्यांना लोकल सुरू झाली होती, म्हणून लोअर परळला प्रत्यक्ष मुलाखतीला गेले. समोरच्या मॅडम स्वतः सीए.

"पुढचा अटेम्प्ट कधीचा?"

"अजून ठरवलं नाही."

"फॉर्म भरलाय?"

"नाही."

"मग पर्स्युइंग कसं?"

आवाज चढला नव्हता. पण त्यानंतर मी जे काही सांगितलं, फर्ममधल्या कामासकट, त्यातलं किती खरं याचा हिशेब त्या मनात करत असणार, हे मला दिसत होतं. पुढे त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि त्याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे. "तू फायनलला अडकलीस याचं आम्हाला काही नसतं. आम्हाला भीती असते ती एप्रिलची. मार्च क्लोजिंग झालेलं, ऑडिटर येऊन बसलेले, आणि त्याच वेळी मेच्या परीक्षेसाठी माणूस दीड महिना रजेवर."

अपुरी परीक्षा लिहावी की नाही, हा प्रश्न आपल्या बाजूने मार्कांचा आणि अब्रूचा असतो. पलीकडे तो रजेचा असतो. आता तर परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते, आणि सप्टेंबर म्हणजे 30 तारखेच्या टॅक्स ऑडिटच्या तोंडावर. तेव्हा तुम्ही परीक्षा देणार आहात की थांबलात, हे अर्जातच लिहा. देणार असाल तर कुठला अटेम्प्ट आणि किती दिवसांची रजा, तेही. रजेचं आधी बोललेल्यांना ती मिळालेली मी पाहिली आहे. रुजू झाल्यावर बाँब टाकणाऱ्यांचं मात्र कठीण होतं.

तिसऱ्या सीव्हीतला मजकूर असा होता (सीव्ही इंग्रजीतच असतो, पण शब्द हेच) :

सीए फायनल : ग्रुप 2 उत्तीर्ण, नोव्हेंबर 2019. ग्रुप 1 बाकी; सध्या परीक्षा देत नाही.
सीए आयपीसीसी : दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, नोव्हेंबर 2015.
आर्टिकलशिप : फेब्रुवारी 2016 ते फेब्रुवारी 2019, पूर्ण.

आयपीसीसी म्हणजे आताची इंटर, फायनलच्या आधीची परीक्षा. तुमच्या मार्कशीटवर जे नाव असेल तेच लिहा, कारण नोकरी लागताना कागद तपासले जातात. ग्रुपच्या मार्कशीट आणि आर्टिकलशिप संपल्याचा फॉर्म 108 एका फाइलमध्ये ठेवा. किती अटेम्प्ट झाले ते सीव्हीत लिहायची गरज नाही. विचारलं तर मात्र आकडा खरा सांगायचा. मी 'चार' म्हणायचे आणि गप्प बसायचे. आधी चारही अटेम्प्टची कहाणी सांगायचे, ती कुणाला नको असते.

'सेमी-क्वालिफाइड सीए' हा शब्द मला आवडत नाही, पण जाहिरातींत तोच असतो आणि शोधणारे तोच टाइप करतात. म्हणून नोकरीच्या पोर्टलवर मथळ्यात तो ठेवा, आत नेमकं लिहा. नावाच्या आधी किंवा मागे 'सीए' मात्र चुकूनही नको. 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यात कलम 24 आहे, इन्स्टिट्यूटचा सभासद नसताना ती पदवी लावणं हा गुन्हा आहे. अगदी फायनल पास झालेल्यानेही सभासदत्व मिळेपर्यंत ती लावायची नसते. सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा) करणाऱ्यांचंही तसंच. 'लेव्हल वन पास' लिहा, आणि पुढच्या लेव्हलचे 'कँडिडेट' तेव्हाच म्हणवा जेव्हा त्या परीक्षेला खरंच नाव नोंदवलेलं असेल.

फक्त फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, झालं असेल आणि पुढे पदवी घेतली असेल, तर मी ते गाळीन. इंटरचा एकच ग्रुप असेल तर जरूर लिहा, छोट्या फर्ममध्ये त्याला किंमत आहे. एकही ग्रुप निघाला नसेल तर शिक्षणाच्या रकान्यात काही नको. मधल्या वर्षांपुढे 'सीए इंटरची तयारी' एवढी एक ओळ पुरे.

खरी जागा द्यायची ती आर्टिकलशिपला. बहुतेक जण इथे 'टॅक्स ऑडिट, जीएसटी, टीडीएस' असे तीन शब्द लिहून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. मग एका रात्री बसून आठवलं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मी आर्टिकल होते. आमचे बरेचसे अशील मशीद बंदरचे सुक्या मेव्याचे व्यापारी. त्यांच्या पोटमाळ्यावर, बदामाच्या गोण्यांना टेकून, जुना व्हॅटचा स्टॉक मी जीएसटीत आणला होता. 31 मार्चला गोण्या मोजल्या होत्या. एका शेठनी खजुराची पेटी हातात दिली तेव्हा ती घ्यायची की नाही, हे सरांना फोन करून विचारलं होतं. (नाही घेतली. अजून वाईट वाटतं.) खजूर सोडून यातलं बाकी सगळं सीव्हीत गेलं : कोणता व्यवसाय, कोणतं काम, त्यातलं मी एकटीने किती केलं.

नोव्हेंबरात मुलुंडहून घाटकोपर आणि पुढे मेट्रोने चकाला. औषधांच्या वितरणाची कंपनी. तिथल्या साहेबांनी सीव्हीतल्या सीएच्या ओळीवर पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि पुढे गेले. एवढंच! तिचं काय होईल या धास्तीत मी तीन महिने झोपले नव्हते. मग सगळा वेळ कामावर. "खरेदीचं रजिस्टर आणि 2ए जुळत नाही, काय करशील?" (2ए म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या जीएसटी रिटर्नवरून तयार होणारी आपल्या खरेदीची यादी.) मी म्हटलं, आधी पुरवठादाराप्रमाणे लावीन, मोठ्या रकमा वर, मग ज्यांनी रिटर्न भरलं नाही त्यांना फोन. "फोन उचलत नाहीत." मी म्हटलं, "मशीद बंदरला मी दुकानात जाऊन उभी राहायचे." ते हसले. पगाराच्या वेळी मात्र ती ओळ परत आली : "पण तू सीए नाहीस ना." याची तयारी ठेवा. सीएचा पगार मागू नका आणि नुसत्या बी.कॉम.चा घेऊ नका. आर्टिकलशिपची तीन वर्षं अनुभव म्हणून धरा, एवढं मी धरून बसले. त्यांनी दोन धरली.

एक डिसेंबरला रुजू झाले. आठवड्याभरात एचआरने व्हिजिटिंग कार्डं आणून दिली, शंभराचा डबा, आणि प्रत्येकावर माझ्या नावाआधी 'सीए'. त्यांनी आपल्या मनाने टाकलं होतं, कौतुकानेच. मी डबा परत करून नवीन छापून घेतली. जुनी फेकायला जीव होईना म्हणून एचआरने ती माझ्याकडेच दिली. आता त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी कर आणि जीएसटी रिटर्न भरायच्या तारखा लिहिते : 7 टीडीएस, 11 जीएसटीआर-1, 20 थ्रीबी. अर्धा डबा अजून शिल्लक आहे.