चव्वेचाळिसाव्या वर्षी शिंका

आमच्या घराण्यात कुणाला दमा नाही, म्हणून मी तीन महिने सर्दी समजून काढ्यावर काढले. एका पहाटे छातीतून मांजराच्या पिल्लासारखं चूं-चूं ऐकू आलं, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. निघाला ॲलर्जीचा दमा. तुम्ही इतकं थांबू नका.

ॲलर्जी कशाची ते शोधायला आधी एक वही करा: शिंका कधी, कुठे, काय करताना. माझ्या वहीत दोनच गोष्टी परत परत निघाल्या. माळ्यावरून काढलेल्या गोधड्या आणि सोसायटीमागच्या प्लॉटवर माजलेलं गाजर गवत. (भारतात हे गवत १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत भरलं ते आमच्या पुण्यातच. घ्या, हाही मान आमचाच!)

त्वचेवर टोचून करतात ती ॲलर्जीची चाचणी करणार असाल, तर शिंकांच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारून घ्या. साधारण आठवडा लागतो. मी आदल्या रात्री गोळी घेतली आणि फेरी फुकट गेली.

धुळीतले किडे नुसत्या उन्हाने आणि झटकण्याने जात नाहीत. अभ्रे, चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. केरसुणीपेक्षा ओलं फडकं बरं.

'दम्याच्या पंपाची सवय लागते,' असं सासूबाई म्हणाल्याच. नाही लागत. स्टेरॉइडचा पंप असेल तर ओढल्यावर चूळ मात्र भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. धापेमुळे वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसू लागले, तर वही-बिही राहू द्या, थेट दवाखाना गाठा.

गोधड्या सध्या नणंदेकडे आहेत.