पहिल्या पाच वर्षांची वकिली : मुदती, फाइली, फी आणि झोप

पहिल्या पाच वर्षांत वकिलाची झोप उडते ती बहुतेक वेळा मुदतीच्या धाकाने. काम कितीही असले तरी माणूस रेटून नेतो. पण रात्री दोन वाजता ‘त्या अपिलाचे दिवस संपले तर नसतील?’ असे वाटून जो उठतो, त्याला दुसऱ्या दिवशी उलटतपासणी नीट घेता येत नाही. योगासने, सुट्टी, फिरायला जाणे हे सगळे चांगलेच आहे, पण मुदती डोक्यातून कागदावर आल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. म्हणून सुरुवात वहीपासून करू. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात, निफाड, सिन्नर, मालेगाव अशा तालुक्यांच्या न्यायालयांत किंवा कामगार न्यायालयात जे नव्याने उभे राहत आहेत, त्यांना समोर ठेवून हे लिहिले आहे. सीए किंवा कर सल्लागारांनाही यातले बरेचसे लागू पडेल, कारण त्यांचाही जीव तारखांतच अडकलेला असतो.

मुदतवही

बोर्डाची, म्हणजे रोजच्या सुनावणीच्या प्रकरणांची, डायरी सगळेच ठेवतात. त्या डायरीत न्यायालयाने दिलेली तारीख असते. कायद्याने घातलेली मुदत तिथे कुणी लिहीत नाही, आणि घात तिथेच होतो. दोनशे पानी वेगळी वही घ्या आणि दोन पाने मिळून सात रकाने आखा : पक्षकार, कशाची मुदत, कोणत्या दिवसापासून, त्या दिवसाचा पुरावा कोणता, शेवटचा दिवस, आतला दिवस, दाखल क्रमांक. आतला दिवस म्हणजे शेवटच्या दिवसाच्या किमान सात दिवस आधीची तारीख. काम त्या तारखेला संपवायचे. शेवटचा दिवस फक्त आजारपण, सर्व्हर बंद असणे आणि पक्षकार सहीला न येणे यांच्यासाठी राखून ठेवायचा.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पक्षकार कार्यालयात येऊन समन्स दाखवतो, आपण ‘आज आला’ असे धरतो आणि तीस दिवस मोजू लागतो. प्रत्यक्षात बेलिफाने त्याची सही अठरा दिवसांपूर्वी घेतलेली असते. दिवाणी दाव्यात कैफियतीचे (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे) 30 दिवस बजावणीपासून सुरू होतात. न्यायालय ते 90 पर्यंत वाढवू शकते. व्यापारी दाव्यात मात्र 120 दिवसांनंतर कैफियत घेतलीच जात नाही. म्हणून बजावणीचा अहवाल पाहा, पक्षकाराच्या आठवणीवर विसंबू नका.

अपिलाची मोजणी एकदा नीट समजली की कायमची समजते. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. हुकूमनाम्याचा, म्हणजे निकालाच्या औपचारिक आदेशाचा, दिवस वगळायचा. समजा हुकूमनामा 3 मार्चचा आहे, तर तीसावा दिवस 2 एप्रिल. नकलेचा (प्रमाणित प्रतीचा) अर्ज 10 मार्चला दिला आणि नक्कल 21 मार्चला तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून 12 दिवस वगळले जातात आणि मुदत 14 एप्रिलपर्यंत जाते. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, म्हणून 15 एप्रिलला दाखल केलेले अपीलही मुदतीत धरले जाते. चुका दोन होतात. नक्कल तयार झाली पण आपण ती आठवडाभराने उचलली, तर तो आठवडा वगळला जात नाही. आणि नकलेचा अर्ज मुदत संपल्यावर दिला, तर काहीच वगळले जात नाही. निकाल ऐकला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यायचा ही सवय लावून घ्या, पक्षकाराने अपिलाचा विचार केलेला असो वा नसो.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाचा हंगाम संपला की व्यापाऱ्यांचे न वटलेले धनादेश घेऊन शेतकरी येऊ लागतात. न वटलेल्या धनादेशाच्या गुन्ह्याचे, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 चे, दिवस त्यामुळे तोंडपाठ हवेत. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास 15 दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. बँकेचा मेमो 5 एप्रिलला मिळाला तर नोटीस 5 मेपर्यंत जायला हवी. ती 10 मेला मिळाली तर 15 दिवस 25 मेला संपतात आणि तिथून पुढचा महिना तुमचा. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो, नोटिशीचा उशीर माफ होत नाही. नोटिशीच्या ट्रॅकिंगचा कागद त्याच आठवड्यात छापून फाइलला लावा. वर्षभराने तो शोधणे फार जड जाते.

फौजदारी काम करणाऱ्यांनी 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र न आल्यास मिळणाऱ्या जामिनासाठी वहीत वेगळे पान ठेवावे. रिमांडचा पहिला दिवस त्यात धरला जातो. दोषारोपपत्र आले नाही, पण आपण अर्ज करेपर्यंत ते दाखल झाले, तर तो हक्क हातातून जातो. इथे एक दिवस म्हणजे एका माणसाचे कित्येक महिने असू शकतात.

महसुली कामात फेरफाराच्या निर्णयावर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपिलाला 60 दिवस असतात. पक्षकार सहसा सातबारा पाहिल्यावर जागा होतो, तोवर बरेच दिवस गेलेले असतात. निर्णय त्याला कधी आणि कसा कळला, हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्या.

संध्याकाळची वीस मिनिटे

कोर्टातून आल्यावर घरी जाण्यापूर्वी वीस मिनिटे काढा, आणि त्या वेळात फोन उलटा ठेवा. आजच्या प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपवर पडताळून पाहा. पुकाऱ्याच्या गडबडीत ऐकलेली तारीख चुकते, सात आणि सतरा यांत गल्लत होते. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ॲपमध्ये एकदा जतन केला की हे काम पाच मिनिटांत होते. मात्र ॲपवर तारीख कधीकधी उशिरा चढते. दोन दिवसांनंतरही दिसली नाही तर रोजनामा, म्हणजे न्यायालयातली त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, पाहून या.

मग उद्याच्या बोर्डावरच्या प्रत्येक प्रकरणापुढे एक क्रियापद लिहा. ‘पुरावा’, ‘म्हणणे’ असे टप्पे लिहिले की डोके नुसते भरते. ‘शपथपत्रावर सही घेणे’, ‘निशाणी 15 ची (त्या क्रमांकाच्या कागदाची) प्रत समोरच्या वकिलांना देणे’, ‘पुरसीस (न्यायालयाला लेखी निवेदन) देणे’ असे लिहिले की काम दिसते. शेवटची पाच मिनिटे मुदतवहीतले पुढचे चौदा दिवस वाचायचे. वही मिटली की घरी जायचे. त्यानंतर मनात आलेली शंका उशाशी ठेवलेल्या चिठ्ठीवर लिहून टाकायची, सकाळी वहीशी ताडायची.

जी फाइल उघडवत नाही ती

प्रत्येकाच्या कपाटात अशी एक असते. पक्षकार चिडका असतो, किंवा मसुदा जमत नसतो, किंवा काहीतरी राहून गेल्याची शंका असते. दिवस जातात तशी ती जड होते. उपाय सोपा आहे, तो करायला मात्र धीर लागतो. सकाळी कोर्टाआधी, 25 मिनिटे, फक्त दोन गोष्टी : फाइलीतल्या कागदांची यादी आणि घटनांच्या तारखा. मसुदा लिहायचा नाही, निर्णय घ्यायचा नाही. दहापैकी आठ वेळा भीती होती तेवढे काही बिघडलेले नसते. उरलेल्या दोन वेळा खरेच मुदत टळलेली असते.

तेव्हा काय करायचे ते आधीच ठरलेले बरे. त्याच दिवशी सिनियरला सांगा. सिनियर नसेल तर पंधरा वर्षे काम केलेल्या, तुमच्या प्रकरणात नसलेल्या वकिलाला पक्षकाराचे नाव न घेता विचारा. अपील किंवा अर्ज असेल तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली उशीरमाफीचा अर्ज करता येतो. मूळ दाव्याला ते कलम लागू नाही. अर्जात ‘अपरिहार्य कारणामुळे’ असे मोघम लिहू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय घडले याचा हिशेब द्या आणि जोडता येतील ते कागद जोडा. आणि पक्षकाराला लेखी कळवा. चूक सावरता येते. ‘तारीख पडली आहे’ असे सहा महिने सांगत राहिलात तर तीच चूक बार कौन्सिलपुढे (वकिलांच्या नियामक संस्थेपुढे) गैरवर्तन म्हणून उभी राहते, आणि ते सहा महिने झोपही लागत नाही.

तारखा, तालुके, फोन

नाशिकला अकरा वाजता आणि निफाडलाही अकरा वाजता, असा दिवस आठवड्यातून दोनदा आला की माणूस रस्त्यावरच संपतो. तालुक्याच्या तारखा शक्यतो एकाच वारी मागा. निफाड गुरुवारी, सिन्नर मंगळवारी, असा स्वतःचा वार ठरवा आणि तारीख घेताना नम्रपणे तेवढेच सांगा. न्यायालय दर वेळी ऐकेलच असे नाही, पण बऱ्याचदा ऐकते. मालेगावला गेलात तर त्या दिवशी नाशिकचे काही धरू नका. एका दिवशी एकच उलटतपासणी, हा नियम पहिली पाच वर्षे तरी मोडू नका. साध्या वसुलीच्या दाव्यातल्या साक्षीदारालाही कागद वाचून प्रश्न काढायला चार तास लागतात. ते चार तास आधीच्या दोन दिवसांच्या डायरीत लिहून ठेवा, नाहीतर ते रात्रीतून काढावे लागतात.

पक्षकार रात्री दहाला फोन करतो, कारण त्याला दिवसभर काही कळलेले नसते. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही केला असता. प्रत्येक तारखेनंतर त्याच दिवशी तीन ओळींचा निरोप पाठवा : आज काय झाले, पुढची तारीख कोणती, तुम्ही काय आणायचे. फोनसाठी संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ वकीलपत्रावर सही घेतानाच सांगा. अटक, जप्ती आणि ताबा यांसाठी कधीही फोन चालेल, हेही सांगा. लोक ही मर्यादा पाळतात, फक्त त्यांना बातमी मिळत राहिली पाहिजे.

फी

फीची बोलणी अवघड वाटते म्हणून ती अर्धवट राहते, आणि मग प्रत्येक तारखेला मनात खटका राहतो. एका पानावर लिहा : नोटीस, दाखल करणे, पुरावा, युक्तिवाद, प्रत्येक टप्प्याची रक्कम वेगळी. कोर्ट फी, नक्कल, टायपिंग आणि प्रवास यांचा हिशेब फीमध्ये मिसळू नका. निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, पक्षकाराने स्वतः देऊ केला तरी. द्राक्ष किंवा कांदा उत्पादक असेल तर हप्ते त्याचा माल विकला जातो त्या महिन्यांत ठेवा. पावसाळ्यात मागून दोघांनाही त्रासच होतो. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये हे स्पष्ट केले आहे.

ज्युनियरच्या मानधनाबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. पण सिनियरशी बोलताना हा आकडा शांतपणे समोर ठेवायला हरकत नाही. आणि सिनियर असाल तर, घरभाड्याच्या काळजीत असलेल्या मुलीकडून चांगला मसुदा कसा येईल, याचा विचार करा.

शरीर आणि मन

मधल्या सुट्टीत डबा खा, त्या वेळी पक्षकाराला भेटू नका. काळा कोट उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतरत्र सक्तीचा नाही, हा बार कौन्सिलचा नियमच आहे. एप्रिलच्या उन्हात त्याचा आधार घ्या. दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशात मन लागत नसेल किंवा संध्याकाळी दारूशिवाय शांत वाटत नसेल, तर हा स्वभावाचा दोष समजू नका आणि डॉक्टरांना भेटा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. जगणेच नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच घटकेला फोन करा आणि जवळच्या माणसाला सोबत बसवून घ्या.

कामाची नोंद

तिसरी वही स्वतःसाठी. स्वतः केलेली प्रत्येक उलटतपासणी, प्रत्येक युक्तिवाद, प्रकरण क्रमांक, तारीख आणि एका ओळीत काय शिकलो. महिन्यातून एकदा सिनियरकडे अर्धा तास मागा आणि ही पाने व दुरुस्त झालेले दोन मसुदे घेऊन बसा. ‘माझे कसे चालले आहे?’ असा प्रश्न विचारला की ‘चांगले’ एवढेच उत्तर येते. ‘या मसुद्यातला हा परिच्छेद का कापला?’ असे विचारले की शिकवणी सुरू होते.

तिसऱ्या वर्षापर्यंत एक विषय खोल करायला घ्या. इथे जमीन आणि महसुलाचे काम कधी संपत नाही, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे कामगार कायद्याचेही आहे. मध्यस्थ व्हायचे असेल तर 40 तासांचे प्रशिक्षण असते. फौजदारीत हात बसवायचा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या, गरजू आरोपींना मोफत वकील देणाऱ्या, बचाव पक्ष वकील योजनेत सहाय्यक पदासाठी तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेल्यांनाही घेतात.

कनिष्ठ स्तर न्यायाधीश व्हायचे असेल तर या वहीची किंमत आणखी वाढते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. हा काळ वकिलीच्या तात्पुरत्या सनदेच्या (नोंदणीच्या) तारखेपासून मोजतात. किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यावर त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन लागते. सनद मिळाली त्या दिवसापासून तारखा लिहिलेल्या असतील तर प्रमाणपत्र देणाऱ्याला सही करताना अडचण येत नाही, म्हणून पहिले पान आजच भरा.