रिलेहोस्ट बॅनरमध्ये जाऊन बसला तेव्हा

पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारं-घेणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, नुकतंच हातात आलं होतं. बाहेर जाणारी मेल रिले सर्व्हरमार्फत (आपली मेल पुढे पोहोचवणारा मधला सर्व्हर) पाठवायची, म्हणून मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचं नाव सांगणारी रिलेहोस्टची ओळ पेस्ट केली आणि रीलोड मारला. एरर नाही. 'पोस्टफिक्स चेक'सुद्धा गप्प. पण क्यू, म्हणजे पाठवायच्या मेलची रांग, फुगत चालली आणि लॉगमध्ये ओळीमागून ओळ 'डिफर्ड, कनेक्शन टाइम्ड आउट'. सर्व्हर रिलेकडे जातच नव्हता, थेट समोरच्याच्या एमएक्सचं (त्या डोमेनची मेल घेणाऱ्या सर्व्हरचं) दार वाजवत होता. आणि आमच्या नेटवर्कमधून बाहेर जाणारं मेलचं 25 नंबरचं पोर्ट बंद.

दोन तास फायरवॉलला शिव्या घातल्या. मग सहज स्वतःच्याच सर्व्हरच्या 25 वर टेलनेट केलं, तर 220 च्या स्वागताच्या ओळीला, म्हणजे बॅनरला, शेपूट: 'रिलेहोस्ट =' आणि पुढे रिलेचं नाव! पेस्ट करताना ओळीआधी एक स्पेस आली होती. स्पेसने सुरू झालेली ओळ पोस्टफिक्स वरच्या ओळीला जोडतं, आणि वरची ओळ नेमकी बॅनरची होती. सेटिंगच्या पुढे त्याच ओळीत हॅश देऊन लिहिलेल्या टिपणाचंही तेच, ते कॉमेंट न राहता सेटिंगच्या मूल्यातच मिसळतं.

तेव्हापासून मी फाइल वाचत बसत नाही, 'पोस्टकॉन्फ -एन' चालवतो. आपण काय लिहिलं त्यापेक्षा सर्व्हरला काय कळलं ते तिथे दिसतं.

राउटिंगच्या, म्हणजे मेल कुठे धाडायची त्याच्या, चुका जास्त छळतात, कारण तिथे सिंटॅक्स चोख असतो. एका डोमेनचे मेलबॉक्स दुसरीकडे हलवले, एमएक्स बदलला, जगाची मेल नीट पोहोचू लागली. फक्त आमच्या सर्व्हरवरून गेलेली 550 चा नकार घेऊन परत: 'यूजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल'. डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डोमेनच्या यादीत, तसंच राहिलं होतं. तिथे नाव असलं की पोस्टफिक्स एमएक्स बघायच्या फंदात पडत नाही, मेल घरचीच धरतं. उलट एमएक्स आपल्याकडे आणि डोमेन कुठल्याच यादीत नाही, तर बाहेरून येणाऱ्या मेलला 'रिले ॲक्सेस डिनाइड'.

ट्रान्सपोर्टची (कुठली मेल कुठे न्यायची त्याची) फाइल बदलून पोस्टमॅप (ती सर्व्हरला वाचता येईल अशी करणारी कमांड) विसरणं सगळ्यांचं एकदा होतंच, त्यावर काय बोलायचं. त्यात होस्टच्या नावाभोवतीचे चौकोनी कंस मात्र शोभेचे नाहीत, ते असले की एमएक्स शोधला जात नाही.

असले प्रयोग करताना सॉफ्ट बाउन्स ही सेटिंग चालू ठेवा. 5 ने सुरू होणारे कायमचे नकार 4 चे तात्पुरते होतात, मेल परत न जाता थांबते. काम झालं की बंद करा. मी विसरलो होतो. चुकीच्या पत्त्यांवरची मेल 5 दिवस क्यूत लोळत होती, पाठवणाऱ्यांना पत्ताच नाही.