रोव्हर मुनवर उतरताना आडवा पडतोय? बिघाड असा शोधा

केर्बल स्पेस प्रोग्राम या अंतराळयानं बांधून उडवण्याच्या संगणक खेळात मुनपर्यंत, म्हणजे त्यातल्या चंद्रापर्यंत, पोचणं जमलं की पुढची हौस रोव्हर उतरवण्याची, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. ठाण्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत हा खेळ खेळणारी बरीच मुलं आहेत. त्यांची यानं तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: लँडर पडतो मुनवर, पण दोष बहुधा व्हीएबीत, म्हणजे यान जोडायच्या इमारतीत, बांधतानाच राहिलेला असतो. म्हणून लगेच जास्त ताकदीचं इंजिन लावायला जाऊ नका. आधी कारण शोधा.

कक्षेतून खाली निघण्यापूर्वी एफ५ दाबून सेव्ह करा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हाही हा सेव्ह कामी येतो. यान आपटलं की आधी एफ३ दाबून अहवाल उघडा आणि वेळ पाहून सगळ्यात पहिल्यांदा कोणता भाग तुटला ते बघा. मग एफ९ धरून तो सेव्ह उघडा आणि परत कक्षेत. प्रत्येक खेपेला एकच बदल करा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे जमलं हे कधीच कळत नाही.

आता सगळ्यात फसवा दोष. आमच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी सांगत आली, "काका, एसएएस रेट्रोग्रेडवर लावलं की माझं यान आपोआप झोपतं." (एसएएस म्हणजे यान एका दिशेत आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा, रेट्रोग्रेड म्हणजे वेगाच्या उलट दिशा.) यान तिने सुबक बांधलं होतं. ते लाँचपॅडवर सरळ उभं होतं, पण नॅव्हबॉलच्या, म्हणजे यानाची दिशा दाखवणाऱ्या गोळ्याच्या, मधोमध क्षितिजाची रेघ आणि खाली तपकिरी अर्धगोल. यान उभं असताना गोळ्याचा मध्य पूर्ण निळ्यात हवा. तिने बांधायला सुरुवात रोव्हरपासून केली होती, त्यामुळे यानाचा ताबा रोव्हरच्या प्रोब कोअरकडे, म्हणजे माणसाशिवाय यान चालवणाऱ्या भागाकडे, होता, आणि रोव्हरचं तोंड बाजूला होतं. एसएएस त्याच तोंडाला 'वर' समजत होतं. लँडरच्या वरच्या प्रोब कोअरवर राइट क्लिक करून 'कंट्रोल फ्रॉम हिअर' दाबलं आणि गोळा निळा झाला. ही तपासणी लाँचपॅडवरच होते, त्यासाठी मुनपर्यंत जायला नको.

तरीही यान एका बाजूला ओढलं जात असेल तर वजनाकडे वळा. व्हीएबीत गुरुत्वमध्य आणि इंजिनाच्या रेट्याचा मध्य दाखवणारी बटणं आहेत; दोन्ही चालू करा. रेट्याची रेघ गुरुत्वमध्यातून गेली पाहिजे. रोव्हर एका बाजूला लटकवला की एका हातात भरलेली कळशी घेऊन चालल्यासारखं होतं. रोव्हर पोटाखाली, इंजिनांच्या मधोमध घ्या, किंवा दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन लावा. मग टाक्यांमधलं इंधन स्लायडरने जवळजवळ रिकामं करून पुन्हा बघा, कारण उतरताना टाक्या रिकाम्याच होत आलेल्या असतात. हे बघायचं फार जण विसरतात.

आता प्रत्यक्ष उतरणं. मुनचं गुरुत्व १.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणजे केर्बिनच्या, खेळातल्या पृथ्वीच्या, सुमारे एक षष्ठांश. नॅव्हबॉलवरचा वेग 'सरफेस'वर, म्हणजे जमिनीच्या तुलनेत, आहे ना, हे पक्कं करा. वरचा उंचीचा आकडा 'समुद्रसपाटी'पासूनचा असतो आणि मुनवर डोंगर काही किलोमीटर उंच आहेत, त्यामुळे नव्या आवृत्त्यांमध्ये तो जमिनीपासूनच्या उंचीवर बदलून घ्या. वेग अगदी कमी झाला की रेट्रोग्रेड सोडून साधं एसएएस लावा. नाहीतर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, जरा जास्त होऊन यान वर उचललं गेलं की रेट्रोग्रेडची खूण उलटते आणि तिच्या मागे यानही उलटं होतं. शेवटी २ ते ३ मीटर प्रति सेकंद वेग चांगला. २०१९ मध्ये विक्रम लँडर कोसळल्यावर इस्रोनेही चांद्रयान-३ चे पाय मजबूत केले, २ ऐवजी ३ मीटर प्रति सेकंदाने टेकलं तरी चालेल असे. तेच यान २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलं. तुम्हीही पाय रुंद पसरा. टेकल्यावर यान उसळत असेल तर पायांच्या स्प्रिंग आणि डॅम्परची सेटिंग बदला.

रोव्हर सुटत नसेल तर चाकं लँडरच्या सांगाड्यात घुसली आहेत का ते पाहा. तो जोरात फेकला जात असेल तर डीकपलरचा, म्हणजे भाग सुटे करणाऱ्या जोडाचा, जोर कमी करा. सोडण्याआधी ब्रेक लावून ठेवा.

चालवताना रोव्हर कोलांट्या मारत असेल, तर दोष बहुधा चाकांचा नसतो. डब्ल्यू, ए, एस, डी या कळा चाकांबरोबर रिअॅक्शन व्हीललाही, म्हणजे यानाची दिशा फिरवणाऱ्या आतल्या चाकालाही, हुकूम देतात. रिअॅक्शन व्हील बंद करा किंवा चाकांसाठी वेगळ्या कळा ठरवा. मुनवर पकड कमी असते, तेव्हा वळण हळू घ्या. आणि कळा दाबूनही रोव्हर ढिम्म असेल तर आधी बॅटरी, मग सिग्नल बघा: मुनच्या पलीकडच्या बाजूला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या रिले उपग्रहाशिवाय संपर्क नाही, आणि मुनवरची रात्र सुमारे १९ तास चालते, तेवढा वेळ सौर पॅनेल काही देत नाहीत.