पांढरा बॉक्सर घरी आणताना

बॉक्सर जातीच्या पांढऱ्या कुत्र्याच्या पिल्लासाठी 'दुर्मीळ रंग' म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल, तर सरळ नाही म्हणा. छातीवर, पायांवर, तोंडावर ठळक पांढरं असलेले नर-मादी एकत्र आणले, की सरासरी चारातलं एक पिल्लू जवळजवळ पूर्ण पांढरं निघतं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या मानकात पांढरा भाग एक तृतीयांशापर्यंतच चालतो, म्हणून शोमध्ये याला जागा नाही. घरात सांभाळायला तो इतर बॉक्सरसारखाच दंगेखोर आणि प्रेमळ. पैदास मात्र करू नका.

पैसे देण्याआधी कान तपासा. आतल्या कानात रंगपेशी नसल्या की ऐकणाऱ्या पेशी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरतात. त्यामुळे 'मोठं झालं की ऐकू येईल' या बोलण्यात काही अर्थ नाही. पिल्लू गाढ झोपलेलं असताना दाराआडून किल्ल्या वाजवा, थोड्या वेळाने शिट्टी मारा. जवळ टाळी वाजवू नका, पाय आपटू नका. हवेच्या झोताने आणि फरशीच्या थरथरीने बहिरं पिल्लूही उठतं. एकाच कानाने बहिरं असलेलं पिल्लू यात सहज सुटतं. हाकेला उठतं पण भलतीकडेच बघतं, एवढीच त्याची खूण. खात्री हवी असेल तर सहा आठवड्यांनंतर 'बेअर' चाचणी (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का, हे यंत्राने बघणारी) करून घ्यावी. पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

पूर्ण बहिरं असलं तरी पिल्लू शिकतं. एका हुकमाला एकच खूण, आणि घरातल्या सगळ्यांची तीच. अंगठा वर केला की लगेच खाऊ, म्हणजे 'शाब्बास' दोन दिवसांत कळतं. झोपेतून उठवताना आधी नाकाजवळ खाऊ धरा, मग खांद्याला हलकेच हात लावा. एकदम हलवलं तर दचकून चावेल. बाहेर पट्टा कधीच सोडायचा नाही, मोकळं मैदान असलं तरी.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. गुलाबी नाक, पापण्यांच्या कडा, कानांची टोकं आणि पोट लवकर भाजतं. त्यातून बॉक्सरला उताणं लोळायची भारी हौस! वर्षानुवर्षं असं भाजत राहिलं तर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. फिरवणं सकाळी आठच्या आत, नाहीतर सूर्य कलल्यावर. दुपारी गच्ची-बाल्कनी बंद. आपलं सनस्क्रीन लावू नका: झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट चाटण्यातून पोटात जातात आणि बाधतात. डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीचंच घ्या, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावा आणि ते सुकेपर्यंत खेळण्यात गुंतवा. पोटासाठी सुती बनियन पुरतं. नाक आखूड असल्यामुळे उष्माघाताचा धोका वेगळाच. धाप थांबत नसेल तर सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

पांढऱ्या अंगावर गोचीड आणि लाल चट्टे चटकन दिसतात, हा फायदा. डासाच्या चाव्याची लाली बहुधा दिवसा-दोन दिवसांत जाते. कानाच्या टोकावर किंवा नाकावर खपली धरलेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मलमं बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.