अखाजीला नातवंडं यायच्या आधी अंगात जोर कसा आणायचा

साठीनंतर पुन्हा व्यायाम सुरू करायचा म्हटलं की आपल्याकडे जो तो एकच सांगतो, सकाळी फिरायला जा. फिरणं चांगलंच आहे. पण माझं म्हणणं असं की अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार, सोबत तिची पोरं येणार, तर त्यांच्यासोबत आपल्याला काय काय करायचंय ते आधी ठरवा आणि व्यायाम त्यावरून निवडा. पोरं काय म्हणतात, आजोबा खाली बसा, मला उचला, माझ्या मागे पळा. नुसतं चालून हे जमत नाही, त्याला मांड्यांत जोर लागतो आणि तोल लागतो, आणि हे दोन्ही यायला दोन-तीन महिने तरी जातात, म्हणून थंडीतच सुरू करा.

बीपी, शुगर, हार्टचा त्रास असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी जाऊ नका आणि खिशात साखरेची पुडी ठेवा.

चालणं दहा मिनिटांपासून, सपाट जागेवर. जळगाववाल्यांना मेहरूण तलाव आहेच, खेड्यावर असाल तर शाळेचं ग्राउंड बरं, हायवेच्या कडेने नको. चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच स्पीड. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, शिवाय २ दिवस ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीच्या पुढे ३ दिवस तोल सांभाळायचा व्यायाम. हे शेवटचे दोन आपल्याकडे कोणी करतच नाही!

ताकदीसाठी खुर्ची पुरते. लाकडी किंवा लोखंडी, भिंतीला टेकवलेली, प्लास्टिकची सरकते म्हणून ती नको. हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा, श्वास रोखायचा नाही. हाताशिवाय जमत नसेल तर हात लावा, महिन्याभरात आधार कमी होतो. तोलासाठी ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या.

खरी गोष्ट म्हणजे जमिनीवरून उठणं. पोरांचा सगळा खेळ खालीच असतो आणि आपण उठता येणार नाही या भीतीने दिवाणावरच बसून राहतो. सतरंजी टाका, शेजारी तीच खुर्ची ठेवा, पहिले काही दिवस घरातलं कोणीतरी जवळ असू द्या. खाली बसलात की एका कुशीवर वळून हात-गुडघ्यांवर या, खुर्ची धरा, जो पाय जास्त भक्कम तो पुढे टेकवा, मग मांडीच्या जोरावर उठा. गुडघे बदललेले असतील तर हे फिजिओकडून शिकून घ्या.

पोराला उचलताना कमरेत वाकू नका, गुडघे वाकवा, त्याला छातीशी घ्या आणि मगच उठा, उचलता उचलता कंबर वळवायची नाही. सहा-सात वर्षांचं दांडगं पोरगं असेल तर आपणच बसायचं, ते आपोआप मांडीवर चढतं.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालतं. गुडघा सुजला तर दोन दिवस थांबा आणि पुढे कमी करा. छातीत दाब, हात किंवा जबडा दुखणं, थंड घाम, असं काही झालं तर घरी पडून राहायचं नाही, लगेच १०८ ला फोन.

जेवणात डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे वाढवा, स्नायू त्यानेच भरतात. कळण्याच्या भाकरीत उडीद असतातच, ती चांगलीच.

अखाजीपर्यंत उन्हाचा पारा चाळीशीच्या वर गेलेला असतो म्हणून पोरांना घेऊन सकाळी आठच्या आत नाहीतर उन्हं उतरल्यावरच बाहेर पडा, पाणी सोबत ठेवा. लगोरी खेळा, चेंडू झेला, आणि निंबाला झोका बांधलाय तर तो ढकलताना एक पाय पुढे एक मागे ठेवून बाजूला उभे राहा, समोर नको, झोका परत येतो तेव्हा चांगला जोरात लागतो.