न्यू ऑर्लिन्समध्ये बिऱ्हाड थाटण्यापूर्वी

अमेरिकेच्या दक्षिणेत नोकरी किंवा शिक्षणाच्या निमित्ताने जाणाऱ्या अनेकांना न्यू ऑर्लिन्स पहिल्याच भेटीत आवडते, आणि ती भेट बहुधा मार्डी ग्रा या कार्निव्हल उत्सवाच्या सुमारास, हवा सुखद असताना झालेली असते. तेथे राहण्याचा निर्णय मात्र ऑगस्टमधला एक आठवडा काढून मगच घ्यावा. त्या महिन्यात सकाळी घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते, दुपारच्या एका सरीने रस्त्यावर घोटाभर पाणी साचते, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर चालणारा चक्रीवादळांचा हंगाम ऐन भरात असतो. एवढे पाहूनही राहावेसे वाटले, तर पुढचा विचार करावा.

पहिला विचार जमिनीच्या उंचीचा. फ्रेंचांनी १७१८ मध्ये हे शहर वसवले ते मिसिसिपी नदीने स्वतःच्याच गाळाने उंच केलेल्या काठावर. पुढे विसाव्या शतकात पंप बसवून मागची दलदल उपसली गेली, तिच्यावर वस्त्या उभ्या राहिल्या, पण पाणी काढून घेतलेली ती माती खचत गेली आणि आज शहराचा जवळजवळ अर्धा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळात कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या आणि सुमारे ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेले, तेव्हा फ्रेंच क्वार्टर ही सर्वात जुनी वस्ती आणि नदीकाठची अरुंद पट्टी बहुतांशी कोरडी राहिली. म्हणून घर पाहताना स्वयंपाकघराआधी जोते पाहावे. जुनी शॉटगन घरे, म्हणजे एकामागे एक खोल्या असलेली लांबट घरे, विटांच्या खांबांवर उचललेली असतात. जमिनीलगत काँक्रीटच्या थरावर बांधलेले नवे घर दिसायला नीटनेटके असले तरी पाण्याच्या दृष्टीने कच्चे ठरू शकते. घरमालकाला कॅटरिनाबद्दल विचारण्यापेक्षा शेजाऱ्याला ५ ऑगस्ट २०१७ च्या पावसाबद्दल विचारावे. त्या दिवशी वादळ नव्हते, पंप अपुरे पडले आणि अनेक वस्त्यांत पाणी शिरले. ‘तुमच्या पायरीपर्यंत आले होते का?’ या प्रश्नाचे उत्तर सरकारी पूरनकाशाइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरा विचार विम्याचा, आणि माझ्या मते बाहेरून येणाऱ्याचे अंदाजपत्रक कोलमडते ते येथेच. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. केंद्र सरकारच्या योजनेतील पूरविमा वेगळा घ्यावा लागतो. त्यात घराच्या इमारतीसाठी कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर इतके संरक्षण मिळते, आणि तो साधारणतः ३० दिवसांनी लागू होतो. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. भाडेकरूलाही सामानापुरता हा विमा घेता येतो आणि तळमजल्यावर राहणाऱ्याने तो घ्यावाच. वादळाच्या नुकसानीतील जो पहिला वाटा स्वतः सोसायचा असतो, तो अनेकदा ठरावीक रकमेत नसून विमा रकमेच्या टक्केवारीत असतो; करारातील हे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात गाडीचा विमाही देशातील सर्वात महागड्या विम्यांमध्ये मोडतो. मालमत्ता कर त्या मानाने सौम्य आहे, मात्र दुकानातल्या खरेदीवरचा कर दहा टक्क्यांच्या आसपास जातो.

एवढा खर्च कशासाठी सोसावा, याचे उत्तर रविवारी दुपारी रस्त्यावर मिळते. उन्हाळ्याचे काही आठवडे सोडले तर जवळजवळ दर रविवारी एखाद्या वस्तीतून ‘सेकंड लाइन’ नावाची मिरवणूक निघते. पुढे ती काढणाऱ्या मंडळाचे सभासद एकाच रंगाचे सूट घालून, पिसांचे पंखे हलवत नाचतात, त्यांच्याबरोबर पितळी वाद्यांचा ताफा असतो, आणि मागून जो कोणी चालू लागेल तो दुसऱ्या रांगेतला. तिकीट नाही, निमंत्रण नाही. वाटेत दिंडीला मिळावे तसे मिळावे. ही मंडळे मूळची कृष्णवर्णीयांच्या परस्परसाहाय्याची, आजारपणात मदत आणि मरणानंतर सन्मानाने अंत्यविधी व्हावा म्हणून निघालेली. गुलामांना रविवारी जेथे एकत्र जमून ढोल वाजवता येत असे तो काँगो स्क्वेअर आजही ट्रीमे वस्तीला लागून आहे. १९०१ मध्ये याच शहरात जन्मलेल्या जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग यांचे नाव विमानतळाला आहे, पण संगीताची खरी शाळा रस्ताच आहे. नवख्याने मिरवणुकीत वाद्यांच्या पुढे घुसू नये, नाचणाऱ्याच्या तोंडाशी कॅमेरा नेऊ नये आणि हातगाडीवरून पाणी विकणाऱ्याकडून दोन बाटल्या घ्याव्यात.

याच वैभवाची दुसरी बाजू भाड्यात दिसते. पर्यटकांना रोजाने दिलेल्या घरांमुळे ट्रीमेसारख्या वस्त्यांत कायमच्या रहिवाशांना जागा परवडेनाशी झाली. शहराची लोकसंख्या २००० मध्ये सुमारे ४,८४,००० होती, ती २०२० च्या जनगणनेत ३,८४,००० च्या आसपास भरली. नोकऱ्या मुख्यतः पर्यटन, बंदर, रुग्णालये आणि विद्यापीठे यांत आहेत. या चौकटीबाहेरचे काम असेल, तर ते हातात आल्यावरच निघावे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा जवळजवळ सगळ्याच चार्टर पद्धतीच्या, म्हणजे स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या, असल्याने मुलाला घराजवळची शाळा आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये; अर्जाची मुदत आधी पाहावी. शाकाहारी माणसाने तेथे सोमवारी करण्याची प्रथा असलेल्या राजमा-भातातही बहुधा डुकराचे मांस असते हे लक्षात ठेवून विचारून खावे.

घर सेंट चार्ल्स मार्गाजवळ घेणार असाल, तर १८३५ पासून धावणारी ट्राम दाराशी मिळेल, परंतु कार्निव्हलच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मिरवणुका त्याच मार्गाने जातात आणि नदीच्या बाजूचे रहिवासी तासन्‌तास अडकून पडतात. गाडी कोठे आहे हे दुपारीच पाहून ठेवावे, नाहीतर ती उचलली जाते. याउलट जोरदार पावसाचा इशारा मिळाला की रस्त्यामधल्या उंच हिरव्या पट्ट्यावर गाड्या लावायला महापालिकाच परवानगी देते. शेजारी गाड्या तिकडे नेताना दिसले की आपणही न्यावी. मे महिन्यात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचे थवे जमतात, त्या वेळी दिवे मालवून बसावे आणि घर विकत घेताना वाळवीची तपासणी वेगळी करून घ्यावी.

वादळासाठी शहर सोडायची वेळ आली, तर कोठे जायचे, कोणत्या रस्त्याने, आणि पहिले दोन आठवडे राहण्याचा खर्च कशातून, हे जूनमध्येच लिहून ठेवावे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळात सगळ्या शहराची वीज गेली आणि काही भागांत ती आठवडाभराहून अधिक काळ आली नाही. म्हणून कागदपत्रे, औषधे आणि गाडीतले पेट्रोल यांची व्यवस्था झाली, की कुलूप लावण्यापूर्वीचे शेवटचे काम म्हणजे फ्रीज पूर्ण रिकामा करणे. तो भरलेला राहून गेलाच, तर परत आल्यावर उघडू नये, पट्टीने बंद करून तसाच फुटपाथवर ठेवावा.